मोतीबिंदू : शस्त्रक्रियेनंतरचा डोळा सांभाळताना

पूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेला माणूस दुरूनही ओळखू यायचा. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आणि त्यामागे भलतेच मोठे दिसणारे डोळे. तेव्हा दहा-बारा मिलिमीटरचा छेद घेऊन डोळ्यातले भिंग त्याच्या आवरणासकट बाहेर काढत. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत, आणि रुग्णाला साधा खोकला आला तरी टाक्यांच्या काळजीने घरच्यांचा जीव टांगणीला लागे. आज सकाळी दवाखान्यात गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी असतो.

या बदलाचे श्रेय बहुतेक लोक लेसरला देऊन मोकळे होतात. ते बरोबर नाही. नेहमीच्या फेको शस्त्रक्रियेत लेसर नसतोच, तिथे भिंग फोडण्याचे काम करतात त्या ध्वनिलहरी. आणि जंतुसंसर्ग, सूज, फाटलेले आवरण, निसटलेले भिंग हे नंतरचे त्रास आटोक्यात आले, ते कुठल्या एका यंत्रामुळे नव्हे. एक स्वस्त तपकिरी द्रावण, तिरकस घेतलेला छेद आणि आपले निकाल मोजून चारचौघांत मांडणारे डॉक्टर यांचा त्यात मोठा वाटा आहे.

कृत्रिम भिंगाची वाट दाखवली ती लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले पर्स्पेक्स या प्लास्टिकचे तुकडे डोळा मुकाट्याने सहन करतो, हे त्यांनी हेरले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात तशाच प्लास्टिकचे भिंग बसवण्याच्या कामाला हात घातला. पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात भिंग बसले, पण त्याची शक्ती चुकली आणि डोळ्याला उणे १८ च्या आसपास नंबर आला. व्यवसायबंधूंनी रिडलींना कितीतरी वर्षे उभे केले नाही. 'सर' हा किताब मिळाला तो थेट २००० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी.

रिडलींच्या भिंगाचा खरा प्रश्न होता ते ठरेल कुठे, हा. आपले मूळ भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. ती पिशवी शाबूत ठेवून आतला गढूळ भाग तेवढा काढला, तर नवे भिंग तिच्यातच बसते आणि डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा द्रव पुढे येत नाही. मात्र या पिशवीची मागची भिंत मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाड असते. माणसाचा केससुद्धा तिच्याहून दहापटीने जाड. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतले सगळे कसब या भिंतीला धक्का न लावण्यात आहे. ती फाटली की जंतुसंसर्ग, पडद्यावरची सूज आणि पडदा सुटणे, तिन्हींचा धोका वाढतो.

पिशवीची पुढची भिंत उघडायची कशी, याचे उत्तर १९८०च्या दशकाच्या मध्यावर सापडले. तोवर सुईने गोलाकार टोचे मारत ती कापत. कडा दातेरी राहत, आणि ताण पडला की एखाद्या दात्यापासून पिशवी मागेपर्यंत उसवत जाई. कॅनडाचे हॉवर्ड गिम्बल आणि जर्मनीचे थॉमस नॉयहान यांनी आपापल्या ठिकाणी वेगळी रीत बसवली. मध्ये लहानशी चीर पाडायची, तिचे टोक उलटे दुमडून चिमट्यात धरायचे आणि गोल फिरवत फाडत न्यायचे. थोडे फाडले की चिमटा सोडून फाटत्या कडेजवळ पुन्हा पकडायचे. कड बाहेर पळू लागली की ओढ मध्याकडे वळवायची. शेवटी सुमारे पाच मिलिमीटरचे गुळगुळीत काठाचे वर्तुळ तयार होते. हा काठ ताण सोसतो, सहसा उसवत नाही. शिकाऊ डॉक्टरला घाम फोडणारी पायरी ही, आणि पुढचे सगळे हिच्यावर अवलंबून.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना दाताच्या डॉक्टरकडचे कीटण काढणारे यंत्र पाहून फेकोची कल्पना सुचली आणि १९६७ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. छेद दोन-तीन मिलिमीटरवर आला. पण ध्वनिलहरींच्या माऱ्याने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पारपटलाच्या आतल्या बाजूच्या, एकदा गेल्या की पुन्हा न उगवणाऱ्या पेशी मरत. त्यांच्यापुढे जेलचा थर उभा करायची सोय झाली, तेव्हा कुठे फेको सर्वांच्या हाती देण्याजोगी झाली. पहिले जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेले होते.

फेकोचे यंत्र महाग. म्हणून आपल्याकडे आणि नेपाळात दुसरी वाट रुळली. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरकस बोगद्यासारखा सहा-सात मिलिमीटरचा छेद घ्यायचा आणि भिंगाचा गाभा अखंड बाहेर काढायचा. आतल्या दाबानेच बोगदा मिटतो, टाका लागत नाही. ही गरिबांची दुय्यम शस्त्रक्रिया, असा समज होता. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ४०० डोळ्यांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याची नजर फेकोत अधिक चांगली होती, पण चष्मा लावल्यावर दोन्हींत फरक उरला नाही. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे हे काम आहे. भपका नाही, पण हजारो डॉक्टरांना त्याने निर्धास्त केले.

सगळ्यात मोठी भीती डोळ्याच्या आत पू होण्याची. दोन-तीन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. जंतू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरचेच असतात. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे ५ टक्के तपकिरी द्रावण टाकून काही मिनिटे थांबले की ते मोठ्या प्रमाणावर मरतात. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या अभ्यासाने याचा लाभ दाखवला. दुसरी पायरी म्हणजे शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या आतच प्रतिजैविक सोडणे. स्वीडनने ही प्रथा आधी रुळवली. मग युरोपातल्या नऊ देशांत सुमारे १६,००० रुग्णांवर चाचणी झाली आणि संसर्ग जवळजवळ पाचपटीने घटल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. अरविंद नेत्र रुग्णालयाने सहा लाखांवर शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडल्याने दर दहा हजारांमागे सातवर असलेला संसर्ग दोनवर आला. पाच डोळे वाचले म्हणजे पाच माणसांचा शेतावर जायचा, नातवंडे ओळखायचा हक्क वाचला. मला तरी या आकड्याहून मोठी बातमी दिसत नाही.

याउलट, सुरुवातीच्या पायऱ्या फेम्टोसेकंद लेसरने करायच्या यंत्राचा गाजावाजा फार झाला. २०२० मध्ये फ्रान्समधल्या पाच रुग्णालयांची चाचणी लॅन्सेटमध्ये आली. गुंतागुंत कमी झालेली नव्हती, खर्च तेवढा वाढला होता. इंग्लंडमधल्या चाचणीतही लेसर वरचढ ठरला नाही. जादा पैसे मागितले गेले तर कशासाठी, हे घरच्यांनी खुशाल विचारावे. फायदा झाला तो सरावाचा. ब्रिटनमध्ये शिकाऊ डॉक्टरांना आभासी शस्त्रक्रियेच्या यंत्रावर हात बसवू दिल्यावर मागची भिंत फाटण्याचे प्रमाण २००९ मधल्या ४.२ टक्क्यांवरून २०१५ मध्ये २.६ टक्क्यांवर आले. आपल्याकडे हा सराव बोकडाच्या डोळ्यांवरही करतात.

काही महिन्या-वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले की लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. उरलेल्या पेशी पिशवीच्या मागच्या भिंतीवर पसरतात आणि याग लेसरने काही मिनिटांत वाट मोकळी करता येते. काटकोनी कडेच्या भिंगांमुळे हा त्रासही घटला.

राहिले ते आपल्या हातातले. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली शस्त्रक्रियेत आक्रसते आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडून छेदाकडे ओढला जातो. कॅलिफोर्नियातल्या दोन डॉक्टरांनी २००५ मध्ये हे उघड केले. गोळी आधी बंद करूनही धोका पुरता जात नाही, पण सर्जनला ठाऊक असेल तर तो तयारीने उतरतो. आजोबा प्रोस्टेटची गोळी डोळ्याच्या डॉक्टरला सांगत नाहीत, 'डोळ्याशी तिचा काय संबंध' म्हणून. तीच गत 'अजून पिकला नाही' आणि 'उन्हाळ्यात नको, थंडीत करू' यांची. पिकण्याची अट जुन्या पद्धतीसाठी होती. आज वाट पाहिली की गाभा दगडासारखा होतो, तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि इजाही जास्त होते. वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात ऋतूचा प्रश्नच येत नाही.

आणि शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, दुखणे वाढले, डोळा लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा मंदावली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरला गाठावे. पू झालेल्या डोळ्यात थेट प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात आणि ते जितके लवकर मिळेल तितकी नजर वाचण्याची आशा जास्त.