सूट कोणाच्या पदरची?

आपल्या मराठवाड्यात पोळ्याला बैलाला सवलत मिळते. आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतात, सणाला त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, शिंगे रंगवून, झूल घालून त्याला पुरणपोळीचा घास देतात. या सवलतीचा खर्च शेतकरी आपल्या पदरचा करतो आणि तिचा लाभ थेट जनावराला होतो. शहरातल्या पेट शॉपवर 'वीस टक्के सूट' अशी पाटी लागते, तेव्हा मात्र ती सूट कोणाला मिळाली आणि कोणाच्या पदरातून गेली, हे सहजासहजी कळत नाही. ते कसे ओळखावे, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात कुत्र्यामांजरांचे खाद्य विकणारी, त्यांना आंघोळ घालणारी, केस-नखे कापणारी आणि घरची माणसे गावाला गेली की त्यांना सांभाळणारी दुकाने आता चांगली रुळली आहेत. धंदा नवा असला तरी हिशेब जुनाच आहे. मजुरीचे आणि नफ्याचे हिशेब मांडण्यात माझे आयुष्य गेले. तोच हिशेब येथे मांडतो.

समजा, दुकानदाराने खाद्याची पिशवी १,६०० रुपयांना घेतली आणि तो ती २,००० ला विकतो. मध्ये ४०० रुपये सुटतात. त्यातून भाडे, वीज आणि नोकरांचा पगार भागवायचा. त्याने दहा टक्के सूट दिली, तर पिशवी १,८०० ला जाते आणि हाती २०० उरतात. म्हणजे विक्रीच्या किमतीत दहावा हिस्सा कमी झाला, पण मिळकत निम्मी झाली. पूर्वीइतकेच पैसे सुटायला दुप्पट पिशव्या खपायला हव्यात. पंधरा टक्के सूट दिली तर चौपट!

आता कुत्रे काही स्वस्ताई झाली म्हणून दुप्पट खात नाही. गिऱ्हाईक तीन महिन्यांचा माल आज उचलतो आणि पुढचे तीन महिने दुकानाकडे फिरकत नाही. विक्री वाढली असे दिसते. वस्तुतः ती पुढची अलीकडे ओढलेली असते. घरी नेलेली मोठी पिशवी उघडी राहिली, की आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यातली चरबी खवट होते. 'दोनवर एक फुकट' घेतलेल्याचे लहानसे कुत्रे ते खवट अन्न खाते, किंवा खात नाही. म्हणून सूट पाहण्याआधी मुदतीची तारीख पाहावी, आणि टक्केवारी न विचारता हाती पडणारी किंमत विचारावी. वेष्टनावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. तिच्यावरची सूट म्हणजे शेजारच्या दुकानातला रोजचा भावही असू शकतो.

आंघोळीचा आणि केस कापण्याचा हिशेब याहून वेगळा आहे. तेथे मुख्यतः विकला जातो तो माणसाचा वेळ. रविवारी रांग लागते आणि मंगळवारी दुपारी कारागीर रिकामा बसतो. मंगळवारच्या त्या रिकाम्या तासावर सूट दिली तर ती शहाणपणाची. वाया जाणारा वेळ कामी येतो आणि रविवारची गर्दीही ओसरते. पण पुष्कळ ठिकाणी उलटेच होते. सूट सणावाराला, गर्दीच्याच दिवशी जाहीर होते.

अशाच एका दुकानातला तरुण कारागीर मला भेटला. पगार बेताचा, बाकी मिळकत बिलाच्या दहा टक्क्यांवर. बिल १,००० रुपये असे तेव्हा त्याला १०० मिळत. तीस टक्के सूट लागली, बिल ७०० वर आले आणि त्याच्या वाट्याला ७० आले. कुत्रे तेवढेच मोठे, केस तेवढेच गुंतलेले, चावण्याची भीती तेवढीच. मालकाने जाहीर केलेल्या सवलतीत या मुलाकडून, त्याला न विचारता, दर आंघोळीमागे तीस रुपयांची वर्गणी वसूल झाली होती. ती भरून काढायला तो दिवसाला जास्त कुत्री घेऊ लागला.

त्या घाईची किंमत मग मुके जनावर देते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर घालवते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट साधत नाही. केस लवकर वाळावेत म्हणून गरम हवेचे यंत्र जोरात लावले, तर ते जिवावर बेतू शकते. घाईत नख खोल कापले जाऊन रक्त येते ते वेगळेच. म्हणून मी म्हणतो, सूट बिलावर द्यावी, पण कारागिराचा हिस्सा मूळ दरावरच मोजावा. ज्याने दान जाहीर केले, त्यानेच ते करावे.

चांगली सूट नसतेच असे नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली विणकरांनी व इतर कामकऱ्यांनी सहकारी दुकान काढले. त्यांनी भाव पाडले नाहीत. बाजारभावाने चोख माल विकला, आणि मुदतीअखेर जो नफा उरला तो ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत वाटला. मुंबईत नायगावला १९४८ साली गिरणी कामगारांनी उभारलेला अपना बाजार हे त्याच सहकाराच्या वाटेवरचे दुकान. आधी मिळवावे, मग वाटावे, हा त्यातला धडा. 'दहा आंघोळींनंतर अकरावी फुकट' हे कार्ड त्याच जातीचे आहे. फक्त त्या अकराव्या आंघोळीची मजुरी कारागिराला मिळाली पाहिजे.

आणि एका सवलतीचे मी मनापासून स्वागत करतो. पाश्चरने १८८५ साली रेबीजची लस प्रथम माणसाला दिली. त्याची पुण्यतिथी, २८ सप्टेंबर, जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. ज्या कुत्र्याच्या लसीकरणाचे कार्ड पुरे आहे त्याला सांभाळणावळीत सूट, असा नियम दुकानदाराने केला, तर त्याचा लाभ साऱ्या गल्लीला होतो. मात्र लस पशुवैद्यानेच टोचावी, आणि ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेली असावी. थंडाव्याबाहेर राहून निकामी झालेली लस फुकट मिळाली तरी महागच.

पिल्लांवरच्या सवलतीपासून मात्र दूर राहावे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ साली आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी आमिषाच्या जाहिरातींनाही लगाम घातला आहे. पुरेसा माल नसताना नुसते गिऱ्हाईक खेचण्यासाठी सवलत पुकारता येत नाही.

तेव्हा पाटी वाचून झाली, की आत जाऊन गल्ल्यावरच्या माणसाला विचारण्याआधी मागच्या खोलीत आंघोळ घालणाऱ्याला विचारा: 'सूट लागल्यावर तुला किती मिळतात, आणि आज हे कितवे कुत्रे?' त्याच्या उत्तरावरून सूट कोणाच्या पदरची आहे ते तुमचे तुम्हालाच कळेल.