877 नंबरचा घोळ

टेस्टोस्टेरॉनचा बोलबाला मोठा, पण एकट्याने त्याला फारसे काही साधत नाही. पेशीत अँड्रोजेन रिसेप्टर नावाचे प्रथिन असते. हॉर्मोन त्याला चिकटले की ते केंद्रकात शिरते आणि ठरावीक जनुके चालू-बंद करते. या प्रथिनाचा मजकूर एक्स गुणसूत्रावर, आठ तुकड्यांत आहे. 1988 मध्ये तो शास्त्रज्ञांच्या हाती लागला आणि मग त्यातल्या बदलांच्या बातम्या येऊ लागल्या. कुठे एक अक्षर बदलते आणि एक्स-वाय गुणसूत्रांचे मूल बाह्यतः मुलगी म्हणून जन्माला येते. पुष्कळदा पाळी सुरू होत नाही तेव्हाच शंका येते. कुठे दुसरेच अक्षर बदलते आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावरचे औषध काम करेनासे होते. हे सारे एका जागी नोंदवायचे काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न लेडी डेव्हिस संस्थेतल्या मंडळींनी अंगावर घेतले. ब्रूस गॉटलिब हे त्यातले प्रमुख नाव. 2004 मध्ये त्यांच्या डेटाबेसमध्ये 605 बदल होते. 2012 च्या आवृत्तीत 1029 झाले.

आकडा वाढला याचे कौतुक होतेच. माझ्या मते त्या आवृत्तीतले खरे मोठे काम वेगळे होते: सगळ्या नोंदींचे क्रमांक बदलले गेले. हे वरवर कारकुनी वाटते. पण या प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागात ग्लुटामिन आणि ग्लायसिन या अमिनो आम्लांच्या सलग माळा आहेत आणि त्यांची लांबी माणसागणिक वेगळी असते. (ग्लुटामिनची माळ प्रमाणाबाहेर लांबली तर स्नायू दुबळे करणारा केनेडी आजार होतो; हे 1991 मध्ये कळले.) गल्लीच्या तोंडाशी एक घर वाढले की पुढच्या सगळ्या घरांचे नंबर सरकतात, तसेच इथे होते. जुन्या मोजणीत प्रथिन 919 अमिनो आम्लांचे होते, नव्या प्रमाण नमुन्यात ते 920 चे झाले.

याचा परिणाम एका क्रमांकावर पाहा. जुन्या मोजणीत 877 वर थ्रिओनिन आहे. एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींमध्ये तिथे अलानिन येते आणि रिसेप्टर इतका बिघडतो की त्याला रोखण्यासाठी दिलेले फ्लुटामाइड, शरीरातल्या आपल्या सक्रिय रूपात, त्यालाच चेतवते. नव्या मोजणीत ही जागा 878 झाली. मग नव्या 877 वर कोण आले? शेजारचे फिनिलअलानिन, म्हणजे जुने 876. त्याच्या जागी ल्युसिन आले तर एन्झाल्युटामाइड हे पुढच्या पिढीतले औषध रिसेप्टरला चेतवू शकते. एकाच क्रमांकावर दोन वेगळे बदल आणि दोन वेगळी औषधे. मोजणी कोणती हे न सांगता नुसते ‘877’ लिहिले, तर वाचणारा सहज फसेल. अशी यादी राखणे म्हणजे संशोधन संपल्यावरची आवराआवर, असा समज आहे. तो चूक आहे. राखणदारी हाच संशोधनाचा भाग आहे.

यावर आक्षेप येतो की आता अमेरिकेतला क्लिनव्हारसारखा सर्व जनुकांचा विशाल साठा असताना एकेका जनुकाची वही कशाला? आक्षेपात तथ्य आहे. छोटे डेटाबेस चारदोन माणसांच्या जिवावर चालतात. ती माणसे निवृत्त झाली, अनुदान आटले की पाने जुनी होतात. पण विशाल साठ्यात मुख्यतः निवाडा मिळतो: घातक, निरुपद्रवी, अनिश्चित. एका जनुकाची वही रुग्णाची हकीकतही ठेवते. तिच्यातूनच ठळक दिसले की तोच बदल एका घरात हॉर्मोनप्रती पूर्ण असंवेदनशीलता घडवतो, तर दुसऱ्या घरात अर्धवट. अशा वेळी ‘घातक’ हा एक शब्द पालकांना काय सांगणार?

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे: संगणकच शोधनिबंध वाचून नोंदी करेल. करेलही, आणि करावेही. मात्र जुन्या निबंधात 877 लिहिले असेल तर लेखकाने कोणता नमुना प्रमाण मानला, हे कुणीतरी ताडून पाहावेच लागते.

आपल्याकडे तर ही गरज दुप्पट आहे. इंडिजेन प्रकल्पात 1029 भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा सापडलेल्या बदलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जागतिक साठ्यांत नव्हते. परदेशी यादीत नसलेला बदल म्हणजे रोग, असे इथे मानता येणार नाही. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने पीसीओएसशी निगडित जनुकांचा डेटाबेस उभा केला, ही चांगली गोष्ट. अशा कामांना उद्घाटनापुरता नव्हे, दरवर्षीचा पैसा हवा आणि ते करणाऱ्याला बढतीच्या वेळी त्याचे गुणही मिळायला हवेत.

आणि वाचकहो, कधी घरात जनुकीय तपासणीचा अहवाल आला, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: हा क्रमांक कोणत्या प्रमाण नमुन्यानुसार आहे, आणि हा निवाडा कोणत्या वर्षीचा आहे?