तुंबाडचें सोनें आणि बापलेकांचा वारसा

जुन्या वाड्याची भिंत उतरवावयास घेतली कीं मुलांना पहिली आठवण होते ती गुप्तधनाची. सावद्यास आमच्या परसांतील भिंत पाडतांना असेंच झालें. गवंड्याची पहार ठणकन् वाजतांच धाकटा पुतण्या धांवत आला व म्हणाला, "काका, मोहरांचा हंडा निघाला तर तो आपलाच ना?" पहार दगडाला लागली होती, प्रश्न मात्र मनांत रुतून राहिला. त्याच रात्रीं, लहान मुलें निजल्यावर, घरच्या थोर मंडळींनीं 'तुंबाड' हा चित्रपट पाहिला.

राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट 2018 च्या ऑक्टोबरांत प्रदर्शित झाला व 2024 सालीं पुन्हां चित्रपटगृहांत आला. त्याचें मूळ मात्र मराठी आहे. नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देतें. कल्पनेचें बीज नारायण धारप यांच्या कथेंत सांपडतें. आणि दिग्दर्शक हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव.

कथा 1918 सालीं सुरू होते. तुंबाडच्या वाड्याखालीं, देवीच्या उदरांत, हस्तर नांवाचा शापित देवपुत्र दडलेला असून त्याच्या लंगोटींत सोन्याच्या मुद्रा आहेत. धान्यास मुकलेला तो पिठाला हपापलेला असतो. विनायक दोर धरून खालीं उतरतो, कणकेची बाहुली पुढें टाकतो व हस्तर ती खाण्यांत गुंतला असतां मूठभर मुद्रा हिसकावून वर येतो.

पुढें हीच विद्या तो आपल्या मुलाला, पांडुरंगाला, शिकवितो. अंगावर खरा कांटा येतो तो येथें. इतर बाप मुलांना पोहावयास किंवा हिशेब ठेवावयास शिकवितात, तितक्याच आस्थेनें हा बाप लोभ शिकवीत असतो. एके दिवशीं लेकच सुचवितो कीं, मूठभर मुद्रा कशाला, सबंध लंगोटीच आणूं. शिष्य गुरूला सवाई निघतो आणि तेथेंच घराचा नाश होतो. अखेरीस शापग्रस्त बाप ती लंगोटी मुलापुढें धरतो. मुलगा ती नाकारतो.

स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या 1989 च्या 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड' या साहसपटांतहि बापलेक शोधास निघतात. तेथें खोल भेगेच्या तोंडाशीं पवित्र पेल्यासाठीं हात लांबविणाऱ्या मुलाला बाप सांगतो कीं, सोडून दे. मुलगा ऐकतो म्हणून वांचतो. तुंबाडांत 'सोड' म्हणणारा बाप नाहीं. तें लेकाला स्वतःशींच म्हणावें लागतें.

आपण हें सारें कल्पित म्हणून हंसण्यावारी नेऊं शकत नाहीं. गुप्तधनाच्या नादानें होणाऱ्या अघोरी कृत्यांना 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यांत महाराष्ट्राला शिक्षा सांगावी लागली. चित्रपटाच्या आरंभीं गांधीजींच्या नांवचें एक वचन येतें : पृथ्वीजवळ सर्वांच्या गरजेपुरतें आहे, हव्यासापुरतें नाहीं. ज्या फैजपुरास 1936 सालीं काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें व गांधीजी आले, तें आमच्या शेजारींच आहे.

शिवाय सावद्याच्या माणसाला हा धडा केळीच्या बागेंतहि मिळतो. केळ एकदांच घड देते. मग ती कापतात व बुंध्याशीं राखलेलें पील पुढचें पीक देतें. सगळींच पिलें ठेविलीं तर एकहि घड नीट पोसत नाहीं. किती राखावयाचें हें बागाइतदार आपल्या बापाजवळ शिकतो. मिळवावें कसें हें आपण मुलांना आवर्जून शिकवितों. पुरे केव्हां म्हणावें हें शिकविण्याचें मात्र राहून जातें.

दुसऱ्या दिवशीं पुतण्याला जवळ बसवून सांगितलें, "बाळ, 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनींत दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडलें तर तें कलेक्टरला कळवावें लागतें. आपला हंडा निघाला तर आधीं तेथें जावयाचें."

तो क्षणभर हिरमुसला. मग म्हणाला, "तर मग काका, भिंतच लवकर बांधूं या."