आखातातील तेल करार आणि अमेरिकेतील पक्षीय वाद

समुद्रातील सीमारेषा तळाखालच्या तेलसाठ्यांना विभागत नाही. त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातील सामाईक साठ्यांच्या संयुक्त उत्खननासाठी अमेरिका व मेक्सिको यांनी २० फेब्रुवारी २०१२ रोजी करार केला. मेक्सिकोच्या सिनेटने त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यास मान्यता दिली. अमेरिकेत मात्र तो रखडला. तेल कंपन्यांनी परकीय सरकारांना दिलेल्या रकमा जाहीर करण्याचे बंधन २०१० च्या कायद्याने घातले होते. या करारातील व्यवहारांना त्यातून सूट मिळावी, असा रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाचा आग्रह होता. डेमोक्रॅटिक बहुमताच्या सिनेटला तो अमान्य होता. अखेर डिसेंबर २०१३ च्या अर्थसंकल्पीय तडजोडीत सवलतीविना मंजुरी मिळाली आणि १८ जुलै २०१४ रोजी करार अमलात आला. स्वाक्षरी ते अंमलबजावणी हे अंतर देशांतर्गत राजकारणानेच वाढवले होते.