थकलेलीं जनावरें आणि रामटेकचा शेतकरी

रामटेक तालुक्यांत नागपूर–जबलपूर हमरस्त्यावर देवलापार हें गांव आहे. तेथें गोविज्ञान अनुसंधान केंद्र ही संस्था गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून गुरांचें संगोपन करीत आली आहे. शेण व गोमूत्र यांपासून खतें व औषधें तयार करण्याबद्दल तिचें नांव दूरवर झालेलें आहे. परंतु आमच्या शेतकरी बंधूंस गोशाळेची आठवण बहुधा दुसऱ्याच कारणानें होते. रस्त्यावर गुरांनीं भरलेली मोटार पोलिसांनीं अडविली, म्हणजे तींतील जनावरें सांभाळण्यास गोशाळेकडे सोंपविलीं जातात. आणि घरीं बैल थकला, म्हणजे ‘तेथें जागा आहे काय?’ हा प्रश्न आपल्याही तोंडीं येतो. अशा संस्थेशीं शेतकऱ्याचा व्यवहार कसा असावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

१९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यानें गाईचा वध बंद झाला होता. बैल व वळू मात्र दाखला घेऊन कापतां येत असत. मार्च २०१५ मध्यें कायद्याची दुरुस्ती अमलांत येऊन तीही वाट बंद झाली. कायद्याच्या बरेवाईटपणाचा वाद आम्ही घालीत नाहीं. पण शेतकऱ्याचा हिशेब बदलला, हें खरें. थकलेला बैल विकून आलेली रक्कम पूर्वीं नव्या जोडींत घालतां येई, ती आतां येत नाहीं. त्यांतच नांगरट ट्रॅक्टरनें होऊं लागली आणि पेंचच्या जंगलांतील चराई आटली. मग जनावर रात्रीं मोकळें सोडण्याचा मोह होतो. तें शेजाऱ्याचें उभें पीक खातें, नाहीं तर रस्त्यावर मोटारीखालीं सांपडतें. १८७१ च्या कायद्यापासून चालत आलेला कोंडवाडा येथें निरुपयोगी ठरतो. कारण जें जनावर मालकाला सोडवून न्यावयाचेंच नाहीं, त्याच्या दंडाची भीति कोणास वाटणार?

पांजरपोळाची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें निघाला. त्याच्या पाठीशीं शहरांतील धनिक व्यापारी होते. खेड्यांतील गोशाळेस तो आधार नाहीं. तिचा खरा आधार म्हणजे चारा.

एका मध्यम बैलास दिवसाला ६ किलो वाळला चारा धरला, तरी वर्षाचा सुमारें २२ क्विंटल होतो. शंभर जनावरें असलीं तर २,२०० क्विंटल! ३० सप्टेंबर २०२४ रोजीं राज्य सरकारनें गोशाळांतील देशी गाईसाठीं दररोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला, त्याचे वर्षाचे १८,२५० रुपये होतात. तेवढ्यांत चारा, गुराखी, पाणी व औषध हें सर्व भागवावयाचें. शिवाय ही योजना गाईची आहे. आमच्या दारच्या बैलाचा प्रश्न तिनें सुटला असें कोणीं समजूं नये. पोळ्याच्या दिवशीं एक टोपली चारा पाठवून गोशाळा चालत नाहीं.

आपला मुलूख धानाचा. कापणीयंत्रानें धान कापल्यावर शेतांत पडून राहणारें तणस पुष्कळ ठिकाणीं जाळलें जातें. तें गोळा करून गोशाळेस द्यावें. नुसतें तणस निःसत्त्व, हा आक्षेप खरा आहे. पण त्यास उपाय आहे. ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यांत विरघळवून तें पाणी १०० किलो तणसावर थराथरानें शिंपडावें, दाबून हवाबंद झांकावें व तीन आठवड्यांनीं उघडून, वास उडाल्यावर, थोडें थोडें चारावें. युरियाचें पाणी जनावराच्या तोंडीं लागूं देऊं नये व लहान वासरांस हा चारा घालूं नये.

याचा मोबदला खतानें मिळावा. एक जनावर दिवसाला ८–१० किलो शेण टाकतें, म्हणजे वर्षाला सुमारें ३० क्विंटल. ज्यानें तणस दिलें, त्याच्या शेतांत तेवढ्या मानानें कुजलेलें खत जावें. ही भिक्षाही नव्हे, दानही नव्हे. हा दोन घरांचा चोख व्यवहार होय.

आणखी एक गोष्ट. २०२२ सालीं लम्पी रोगाच्या साथींत गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. नवें जनावर एकदम कळपांत मिसळूं नये, हें त्या वेळीं सर्वांस पटलें. गोशाळेंत तर मोटारींतून एकाच वेळीं अनेक अनोळखी जनावरें येतात. त्यांस दोन-तीन आठवडे वेगळें बांधणें व पशुवैद्याकडून तपासून घेणें हें आसपासच्या गांवांतील गोठ्यांच्याही हिताचें आहे.

आमची सूचना थोडक्यांत अशी : गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं सुगीच्या वेळीं तणसाचा वांटा ठरवून घ्यावा, गोशाळेनें किती जनावरें पोसवतील तें आधीं जाहीर करून त्याहून अधिक घेऊं नयेत, आणि ज्यास आपलें जनावर तेथें ठेवावयाचें असेल, त्यानें त्याच्या वर्षाच्या चाऱ्याची सोय सोबतच करावी. ज्या बैलानें दहा-बारा वर्षें आपली शेती केली, त्याचे अखेरचे २२ क्विंटल हें आपलें देणें आहे. तें दुसऱ्यावर टाकून मोकळें होतां येणार नाहीं.