कातळाच्या पोटातील गार

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या कातळावर वसलेले असल्यामुळे, युरोपात खडूच्या थरांत सापडतो तसा चकमकीचा दगड येथे शोधण्यात अर्थ नाही. हत्याराजोगा दगड येथे बेसॉल्टच्याच पोटातून मिळतो. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत, झिरपत्या पाण्याबरोबर आलेली सिलिका साचून कॅल्सेडोनी तयार झाली, आणि भोवतालचा कातळ कुजून त्याची माती झाली तरी ती टिकून राहते.

कॅल्सेडोनी, अकीक, चर्ट आणि जॅस्पर ही सर्व अतिसूक्ष्म स्फटिकांच्या सिलिकेचीच रूपे होत. पातळ कडेतून उजेड पाझरला तर कॅल्सेडोनी, तिच्यात पट्टे असले तर अकीक, दगड अपारदर्शक व मळकट असला तर चर्ट आणि लोहामुळे तांबडा झाला असला तर जॅस्पर असे ढोबळमानाने म्हणता येते. मात्र एकाच गोट्यात यांतील दोन-तीन रूपे एकमेकांत मिसळलेली असू शकतात, म्हणून सरसकट ‘गार’ म्हणणारा फारसा चुकत नाही.

खरा घोटाळा होतो तो पांढऱ्या कॅल्साइट व झिओलाइट या खनिजांशी, कारण तीही याच पोकळ्यांत वाढतात. त्यांवर पोलादी चाकूचा ओरखडा उठतो, तर मोह्‌स मापनीवर 7 काठिन्याच्या गारेवर चाकूचीच धातुमय रेघ उमटते. स्वच्छ स्फटिकी क्वार्ट्‌झ तितकाच कठीण असल्याने तेथे ही परीक्षा अपुरी पडते आणि फुटलेला पृष्ठभाग पाहावा लागतो: चर्ट मेणासारखा गुळगुळीत, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या वळशांनी फुटतो, या फुटीला शंखाभ भंजन म्हणतात. कारागिराला रंगापेक्षा हीच फूट मोलाची, कारण तिच्यामुळे घावाची दिशा त्याच्या हाती राहते. माणसाने काढलेल्या छिलक्यावर आघातबिंदूखाली बहुधा फुगवटा दिसतो. नदीत आपटूनही क्वचित तसा उठत असल्याने एकाच तुकड्यावरून निर्णय देणे घाईचे ठरते.

नेवासे येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना 1954 मध्ये मध्य पुराश्मयुगाची अशाच दगडांची हत्यारे मिळाली, आणि पुढे इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी, तांबे ठाऊक असूनही, रोजची पाती कॅल्सेडोनीचीच काढली. मात्र हा दगड दख्खनभर विखुरलेला असल्याने एखादे पाते नेमक्या कोणत्या खोऱ्यातील गारेचे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि मूळ जागेवरून उचललेला तुकडा तर तेवढाही माग ठेवत नाही.