उंची, इथेनॉल आणि कार्बोरेटर : बंगळुरूतील फेरबदल केलेल्या मोटारींचे दुखणे

बंगळुरू येथे ६ फेब्रुवारी २०२३ रोजी भारत ऊर्जा सप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला. सुरुवातीस ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ८४ पंपांवर मिळणारे हे इंधन आता देशभर रूढ झाले आहे. नव्या मोटारींमधील संगणक इंधन बदलले की त्याचे प्रमाण बऱ्याच अंशी स्वतःच जुळवून घेतो. कार्बोरेटर असलेल्या जुन्या मोटारींत मात्र ही सोय नाही. तेथे हे काम माणसालाच करावे लागते, आणि इंजिनात फेरबदल केलेले असतील तर ते अधिकच जिकिरीचे ठरते.

बंगळुरूमध्ये जुन्या मोटारी हौसेने जोपासणारा वर्ग मोठा आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली १०८९ घनसेंटिमीटरची प्रीमियर पद्मिनी, तीन सिलिंडरांची ७९६ घनसेंटिमीटरची पहिली मारुती ८०० आणि जिप्सी ही या वर्गाची आवडती वाहने होत. टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जयचामराजेंद्र रस्ता, अर्थात जे. सी. रोड, हा सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. मूळ कार्बोरेटरच्या जागी मोठा कार्बोरेटर, उघड्या धाटणीचा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि क्वचित वेगळा कॅमशाफ्ट असा या फेरबदलांचा सर्वसाधारण क्रम असतो. त्यानंतर गाडी नीट चालेनाशी झाली की दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जातो.

कार्बोरेटरचे तत्त्व साधे आहे. इंजिन हवा ओढते, तेव्हा ती एका अरुंद गळ्यातून जाते. तेथे तिचा वेग वाढतो व दाब घटतो, आणि शेजारच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोल एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, त्या प्रवाहात खेचले जाते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा यापेक्षा जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’ आणि पेट्रोल जास्त झाले तर ‘रिच’ म्हटले जाते. यांना विरल आणि दाट असे मराठी शब्द योजता येतील. परंतु कोणत्याही गॅरेजमध्ये ते वापरून पाहिल्यास मिस्त्री गोंधळून जाईल, म्हणून येथे प्रचलित शब्दच ठेवले आहेत.

या यंत्राला हवेचे वजन कळत नाही, केवळ तिचा प्रवाह कळतो. बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रकिनाऱ्यावरील हवेपेक्षा अंदाजे ८ ते ९ टक्क्यांनी कमी असते. हवेचे वजन ज्या प्रमाणात घटते, त्याच्या साधारण निम्म्याच प्रमाणात पेट्रोलचा ओघ घटतो. परिणामी मुंबईत किंवा चेन्नईत अचूक लावलेला कार्बोरेटर बंगळुरूत पोहोचताच ४ ते ५ टक्के रिच होतो. उलट, बंगळुरूत जुळवलेली गाडी श्रीपेरुंबुदूरजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा घाट उतरून गोव्यास नेली, तर ती तेवढ्याच प्रमाणात लीन होते. पुणे-मुंबई प्रवासातही हा फरक पडतो, मात्र पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर असल्याने तो कमी जाणवतो.

इथेनॉलचा परिणाम याच्या नेमका विरुद्ध आहे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे एक किलो इथेनॉलला जळण्यासाठी सुमारे ९ किलो हवा पुरते. २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या कार्बोरेटरमध्ये काहीही न बदलता हे इंधन भरले, तर मिश्रण साधारण ८ टक्के लीन होते. समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या गाडीत उंची व इथेनॉल एकमेकांचा परिणाम काही अंशी पुसून टाकतात. बंगळुरूतच वर्षानुवर्षे नीट लागलेल्या गाडीला मात्र इथेनॉलचा पूर्ण फटका बसतो. त्यात उघडा फिल्टर व मोकळा सायलेन्सर यांमुळे इंजिन अधिक हवा ओढू लागले आणि जेट जुनेच राहिले, तर धोका वाढतो. भर वेगात लीन मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनातील तापमान वाढते, ठोके पडू लागतात आणि अखेर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. रिच मिश्रण तुलनेने सोशिक असते. तरी तेही सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेते व इंजिनाची झीज वाढवते.

अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम मिक्सचर स्क्रूकडे जातो, आणि येथेच चूक होते. तो स्क्रू केवळ गाडी उभी असताना चालू राहणाऱ्या इंजिनाचे, म्हणजे आयडलिंगचे, मिश्रण ठरवतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पेट्रोल मुख्य जेटमधून येते आणि त्यावर या स्क्रूचा जवळजवळ काहीच प्रभाव नसतो. तो फिरवून घाटात ओढ न घेणारी गाडी सुधारण्याचा प्रयत्न व्यर्थ होय.

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी इतर शक्यता निकालात काढणे आवश्यक आहे. कार्बोरेटरचे म्हणून सांगितले जाणारे कित्येक दोष प्रत्यक्षात ठिणगीचे असतात. झिजलेले पॉइंट, चुकलेले टायमिंग, फाटलेली प्लगची वायर यांमुळे गाडी ‘मिसिंग’ करते आणि ते लक्षण हुबेहूब मिश्रणाच्या दोषासारखे भासते. टॅपेटचे अंतर व सिलिंडरमधील कॉम्प्रेशनही आधी तपासावे. त्यानंतर हवेची गळती पाहावी. कार्बोरेटरखालचे गॅस्केट, ब्रेक सर्व्होची नळी आणि झिजलेला थ्रॉटलचा दांडा या तीन जागा विशेष संशयास्पद असतात. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आवाज बदलला, तर गळती तेथेच आहे असे समजावे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही क्लीनर वापरतात. तापलेल्या इंजिनावर तसे करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

फेरबदल केलेल्या गाड्यांमध्ये आणखी एक चूक आढळते. इंजेक्शनच्या गाडीतील विजेचा पेट्रोल पंप कार्बोरेटरला जोडला जातो. कार्बोरेटरला साधारण ३ ते ४ पौंड प्रतिचौरस इंच दाब पुरतो, तर तो पंप त्याच्या दहापट किंवा अधिक दाब निर्माण करतो. फ्लोटखालची सुई एवढा दाब रोखू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडून वाहू लागते. येथे जेट बदलून उपयोग नाही. दाब कमी करणारा रेग्युलेटर किंवा योग्य पंप हाच उपाय आहे. दाब बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच फ्लोटची पातळी मोजावी, कारण ती दोन मिलिमीटरनी चुकली तरी पुढचे सारे गणित बिघडते.

आता आयडलिंगकडे वळता येईल. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मिक्सचर स्क्रू अलगद बंद करून साधारण दीड फेरा उघडतात. नंतर पाव-पाव फेरा फिरवत इंजिनाचा वेग सर्वाधिक व स्थिर होईल ते स्थान शोधतात आणि वाढलेला वेग थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणतात. स्क्रू जोराने आवळल्यास त्याचे टोक कायमचे बिघडते. काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू पेट्रोलऐवजी हवा नियंत्रित करतो. तेथे फिरवण्याची दिशा उलटी असते. तीव्र कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनाची ओढ मंद वेगात क्षीण असते, त्यामुळे त्याला मूळ गाडीसारखे शांत आयडलिंग कधीच मिळणार नाही. तसा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

मुख्य जेटची निवड हा खरा कसोटीचा भाग आहे. सोलेक्स व वेबर जातीच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास दर्शवतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० च्या जागी १२५ क्रमांकाचा जेट बसवल्यास छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. इथेनॉलमुळे आलेली तूट जवळपास एवढीच आहे. पूर्वी चढावर पूर्ण जोर देऊन, इंजिन तेथेच बंद करून प्लगचा रंग पाहिला जाई. पांढरट प्लग लीन, काजळी धरलेला रिच आणि फिकट तपकिरी बरोबर, असा तो ठोकताळा होता. आजच्या इंधनावर हा रंग फसवा ठरतो. सायलेन्सरच्या नळीत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवून प्रत्यक्ष मोजमाप घेणे हाच विश्वासार्ह मार्ग आहे. पूर्ण जोरात जास्तीत जास्त शक्तीसाठी शुद्ध पेट्रोलवर १२.५ ते १३ हे प्रमाण योग्य मानतात. इथेनॉलमिश्रित इंधन वापरताना मीटर लॅम्बडा परिमाणात वाचावा. तेथे ०.८५ ते ०.९० हेच लक्ष्य कोणत्याही मिश्रणाला लागू पडते. ही चाचणी रहदारीच्या रस्त्यावर न करता डायनोवर करावी. सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करून क्रमाने लहानाकडे यावे, म्हणजे चूक झाली तरी ती रिच बाजूला होते.

अॅक्सिलरेटर एकदम दाबताच गाडी क्षणभर अडखळत असेल, तर दोष मुख्य जेटचा नसून अॅक्सिलरेटर पंपाचा असण्याचा संभव अधिक. त्याचा रबरी पडदा इथेनॉलने कडक होतो किंवा फुगतो. गरजेहून मोठा कार्बोरेटर बसवल्यासही हेच लक्षण दिसते, कारण मंद वेगात त्याच्या रुंद गळ्यातील हवेला पुरेशी गती मिळत नाही. सिल्क बोर्ड चौकातील कोंडीत तासभर रांगत जाणाऱ्या गाडीला शर्यतीचा कार्बोरेटर लावणे हे मुळातच विसंगत आहे. अशाच कोंडीत बोनेटखालील उष्णतेने फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उकळते आणि बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. कार्बोरेटर व मॅनिफोल्ड यांमध्ये बेकेलाइटचा जाड तुकडा बसवल्याने आणि उघड्या फिल्टरला बाहेरची थंड हवा पुरवल्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद अधोरेखित केली. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेली ‘व्हिंटेज’ नोंदणीही मूळ स्वरूपातील वाहनांनाच मिळते. प्रदूषण तपासणीत जुन्या पेट्रोल मोटारींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. मात्र ही तपासणी इंजिन उभ्या गाडीत आयडलिंगवर चालू असताना होते. मुख्य जेट त्या वेळी काम करत नसल्याने, प्रमाणपत्र मिळालेल्या गाडीचे मिश्रण घाट चढताना कसे आहे हे त्यावरून कळत नाही.